नलूताईंचा शुक्रवार

दोहा शहरातल्या आमच्या इमारतीच्या गारव्यातून सप्टेंबरच्या दमट संध्याकाळी बाहेर पाऊल टाकलं, की नलूताईंच्या चष्म्यावर क्षणात बाष्प दाटायचं. काचा पांढुरक्या व्हायच्या, रस्त्यावरचे दिवे त्यांत विरघळायचे, आणि एका हातानं कठडा, दुसऱ्यानं माझं मनगट धरून त्या पायरीवर स्वस्थ उभ्या राहायच्या. चष्मा पुसायच्या मात्र नाहीत. “रव गो जरा, दोहा दिसांदे,” म्हणायच्या. हळूहळू धुकं काचांच्या कडेला सरे. आधी समोरची मशीद, मग खजुरांची ओळ, मग अल थुमामा वस्तीवरून विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान, असं एकेक प्रकट होई. दर गुरुवारी त्या हे सगळं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत. मग आम्ही जेवायला निघत असू.

आम्ही दोघी एकाच भारतीय शाळेत शिकवायचो. त्या हिंदी, मी गणित. शाळेनं दिलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली त्यांची, एक माझी. त्या मालवणकडच्या, साठीला टेकलेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकुलता मुलगा संदेश मालवाहू जहाजावर. मुलगा दर्यावरच्या नोकरीत आहे तोवर गुरुवारी अन्नाला शिवायचं नाही, शुक्रवारी सकाळीच उपास सोडायचा, हा मी राहायला आले तेव्हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. दार लोटून, समईऐवजी इवलासा विजेचा दिवा लावून त्या पोथी वाचत बसत. आत सौम्य गुणगुण आणि बाहेर मी.

इथे शुक्रवार-शनिवारची सुट्टी, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ ही साऱ्या शहराची बाहेर जेवायची वेळ. जिन्यातून अत्तराचे, तळणाचे, नव्या कपड्यांचे वास खाली उतरायचे, गाड्यांची दारं धडाधड लागायची, आणि मी लातूरहून आलेली सव्वीस वर्षांची मुलगी, भात शिजवून तो तसाच झाकून ठेवायचे. एकटीला जेववत नसे. वर्गातली मराठी घरची मुलंसुद्धा माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देत. दिवसभर आपलं म्हणून एकही वाक्य कानावर पडायचं नाही. तिसऱ्या गुरुवारी मी राजीनाम्याचं पत्र लिहून काढलं आणि नलूताईंना सांगून टाकलं की महिनाअखेरीस देणार आहे. नुसतं झाकण उचलून त्यांनी तो गार भात बघितला.

पुढच्या गुरुवारी त्या नवं पातळ नेसून माझ्या दारात उभ्या. उपासाचं उद्यापन करून टाकलं म्हणाल्या, फार वर्षं झाली, आता देवालाही पुरे झालं असेल. आणि राजीनामा काय, जेवून आल्यावरही देता येतो. मी मुकाट्यानं चपला घातल्या. तो राजीनामा अजून माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहे.

हॉटेलात नलूताई मेन्यू वाचत नसत, तपासत असत. लाल पेनाची सवय असलेलं बोट एकेका ओळीवरून फिरायचं, शुद्धलेखनाच्या चुकांवर थबकायचं, आणि शेवटी त्या वेटरलाच विचारायच्या, बाबा रे, तू स्वतः काय खातोस? तो नेपाळचा असो, केरळचा असो, इजिप्तचा असो, त्याचा चेहरा त्या प्रश्नासरशी उजळायचा, आणि आम्हांला कार्डावर नसलेलं काहीतरी मिळायचं. येमेनी खानावळीत गालिच्यावर मांडी ठोकून एकाच परातीतून भात खायचा, तर त्या नकळत मांसाचे मऊ तुकडे माझ्या बाजूला लोटत राहायच्या. समैस्माच्या किनाऱ्यावर भाजलेला हमूर खाताना काटे इतक्या सफाईनं काढत, की माशालाही कळू नये. आणि वर, आमच्याकडच्या सुरमईची सर नाही हो याला, असं दर वेळी त्याच दुःखानं सांगत. शेवटी शहराच्या किनाऱ्यावर येऊन कडक चहाचा कागदी पेला दोन्ही तळव्यांत धरून त्या समुद्राकडे बघत बसायच्या. दूर वेस्ट बे भागातले मनोरे झगमगत असायचे, पण त्यांचं लक्ष पाण्यावर. त्या घटकेला त्यांच्या कपाळावर जी एक रेघ उमटे, ती मी वयाची समजत होते.

हळूहळू मला भूक लागू लागली, मग झोप, मग चक्क वर्गात हसूही येऊ लागलं. शुक्रवारी मी निवांत आमटीभात करायचे, नलूताईंना हाक मारायचे, आणि त्या आतूनच म्हणायच्या, कालचं अजून जिरलं नाही बाय, तू जेव. मीही चिडवायचे, बाहेरचं तुम्हांला झेपत नाही, उगाच मिटक्या मारता. त्या हसायच्या. मग मी फोनवर मालिका लावून एकटीच पोटभर जेवायचे. अशी तीन वर्षं गेली.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा संदेश रजा काढून त्यांना न्यायला आला. दिवस शुक्रवारचा. मी हौसेनं तिघांची पानं मांडली, तर तो संकोचून म्हणाला, “आईचं पान नको मांडू. तिचा शुक्रवार असतो ना.” माझा चेहरा बघून त्यानंच मग सांगितलं. पूर्वी ती गुरुवार करायची. तीन वर्षांपूर्वी तिनं अचानक मामाला गावच्या देवळात कौल लावायला पाठवलं, वार बदलला तर चालेल का म्हणून. देवानं उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला. कारण तिनं कुणालाच सांगितलं नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले. त्या पातळांच्या घड्या बॅगेत रचत होत्या. उद्यापन केलंच नव्हतं ना, एवढंच मला विचारता आलं, आणि रडू फुटलं. त्यांनी घडी मोडू दिली नाही. मान वर न करता म्हणाल्या, “तू उपाशी रवतलंस आनि माझो उपास होतलो, तर तो उपास कसलो गो?”

मुलगा दर्यावर असताना वर्षानुवर्षांचा नेम हलवायला त्यांना किती धीर लागला असेल, गुरुवारचा पहिला घास तोंडात घालताना त्यांच्या मनात कसली भीती दाटली असेल, हे मला तेव्हा कळलं. मी कुणाची कोण? पण समुद्राकडे बघत त्या जेवल्या होत्या, माझ्यासाठी.

आता त्या गावी असतात, फोनवर भेटतात, आवाज थोडा बारीक झालाय. त्यांच्यामागं माझे गुरुवार ओस पडतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. जेवायची सवय त्या लावून गेल्या आहेत. काळाकडून काही परत मागता आलं असतं, तर मी शुक्रवार मागितले असते, त्या दाराआड उपाशी होत्या आणि दार वाजवायचं मला सुचलं नाही ते सगळे.