खुरात काटा, खांद्यावर डाग

आपल्याकडे जनावर आजारी पडलं की आधी चूल पेटते, मग डॉक्टर आठवतो. आणि त्याच चुलीत कधी कधी लेकरासाठीही विळा तापतो!

खाप्याजवळच्या एका वाडीत रुपरावाचा बैल लंगडू लागला. गावातल्या धोंडबाने तापल्या विळ्याने त्याच्या खांद्यावर डाग दिला. जखम चिघळली, किडे पडले, तेव्हा कुठे ढोरांचे डॉक्टर गणपतराव सरकारी जीप घेऊन आले. त्यांनी बैलाचा खूर उचलून पाहिला. आत बाभळीचा काटा रुतला होता. काटा काढून ते जखम धूत होते, तोच घरातून लेकराचं कण्हणं ऐकू आलं.

ते आत धावले. चुलीत विळा लाल झाला होता. धोंडबा त्याच्या मुठीला फडकं गुंडाळत होता. रुपरावाची माय रुखमाबाई तान्ह्या नातवाचे, मुकुंदाचे, पाय धरून बसली होती. दर श्वासाला मुकुंदाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळे होत होते. त्याची आई पंचफुला पदर तोंडात कोंबून उभी होती. सासूपुढे बोलायची तिची छाती नव्हती.

"थांबा!" गणपतराव ओरडले.

"तुमी ढोराचे डॉक्टर, ढोराकडे पाहा," धोंडबा म्हणाला. "लेकराचं पोट उडून राहिलं. डाग देल्ला का बसते."

"मी ढोरालेही डागू देत नाही गा! काटा खुरात होता अन् तू खांदा भाजला. आता दुखणं छातीत हाय अन् तू पोट भाजतं?"

रुपरावाने सदरा वर केला. पोटावर जुने वण होते. "मले मायनं डागलं म्हणून मी जगलो न साहेब!"

गणपतराव रुखमाबाईकडे वळले. "माय, याच्या पाठचे किती?"

"दोघं. देवाजी अन् कौसल्या."

"त्याहिलेही डागलं होतं?"

"डागलं होतं."

"मंग कुठं हायेत ते?"

म्हातारीच्या हातातून नातवाचे पाय सुटले. "कौसल्याचे पायही मीच धरले होते वं," ती सुनेला म्हणाली.

पंचफुलाने लेकरू उचललं आणि उंबरा ओलांडून थेट जीपकडे पळाली. "चला जी, लवकर चला!" रुखमाबाई आणि रुपरावही मागोमाग चढले.

नागपूरच्या वाटेत मुकुंदाचं कण्हणंही थांबलं. पंचफुला घडी घडी त्याच्या छातीला कान लावी. रुखमाबाईने पुन्हा त्याचे पाय धरले होते. ते गार पडत चालले होते, ती चोळत होती.

धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. नळीने प्राणवायू सुरू झाला, इंजेक्शनं झाली. शेजारच्या खाटेवर एक लेकरू होतं, पोटावर ताजे डाग असलेलं. संध्याकाळी ती खाट रिकामी झाली! त्या माउलीकडे पाहायचं धैर्य रुखमाबाईला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा मुकुंद भुकेने रडला. रडणं ऐकून हसणारी माणसं रुपरावाने कधी पाहिली नव्हती.

पुढे धोंडबाला कोणाच्या घरून बोलावणं आलं, की रुखमाबाई आधी जाऊन त्यांच्या चुलीपुढे बसू लागली. "विळा माह्या हातावर ठेव," ती म्हणे, "मंग लेकराले लाव."

बंधू-भगिनींनो, वण दाखवायला जगलेलेच येतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत. लेकराला धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, की चूल पेटवू नका. दवाखान्याची वाट धरा!