आभाळी शर्ट

“काढ तो शर्ट आधी!” पंपवाल्याने दारातच तोंड सोडलं.

चष्मेवालीने चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. अंगात नवऱ्याचा आभाळी शर्ट तसाच होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

या शर्टाइतके लाड पोटच्या पोराचेही कुणी केले नसतील. फार पूर्वी पंपवाला एका बँकेत पाण्याची मोटर दुरुस्त करायला गेला असताना तिथल्या कॅशियरबाई जाता जाता त्याला म्हणाल्या होत्या, “हा रंग छान शोभतो हो तुम्हाला.” बस्स! गडी आठवडाभर हवेत. जन्मात लोकांनी त्याला “पाणी कधी येणार?” एवढंच विचारलेलं. तेव्हापासून शर्ट कपाटात, बाहेर जायचं असेल तरच अंगावर. बायकोने कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट त्याला इस्त्री तीच करायची.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उभं राहायचं, नाकावर फ्रेम टेकवायची आणि बुबुळ काचेच्या मधोमध येतंय का, ते थेट डोळ्यांत बघून ठरवायचं. बाई डोळ्यांत बघते म्हटल्यावर काही मेल्यांना चेवच यायचा. “काय डोळे आहेत!” “केस मोकळे सोडत जा की!” सगळ्यांत चिकट तो कंत्राटदार. घरून काडी वाकवून यायचा आणि चष्मा ढिला झाला म्हणून तिच्यासमोर बसायचा. त्याने हिरव्या ड्रेसची तारीफ केली, तेव्हा तिने त्या ड्रेसची फडकी केली. काल तर तो बस थांब्यापर्यंत मागे आला.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, तर हा खो खो हसला. “कौतुकच केलं ना? शिवी तर नाही दिली! आम्हाला कोण विचारतंय?” म्हणून आज सकाळी अंग झाकायला तिने ड्रेसवर त्याचाच शर्ट चढवला.

“अगं, बोल की! माझाच शर्ट मिळाला?”

“मालक म्हणाले, उद्या कंत्राटदाराची माफी माग, नाहीतर येऊ नकोस.”

“अरे देवा! केलंस काय तू?”

“त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली. म्हटलं, दुसरं दुकान बघा.”

“अक्कल गहाण टाकलीस का? असं बोलला तरी काय तो?”

“तुमच्या कॅशियरबाई बोलल्या तेच. हा रंग छान शोभतो हो तुम्हाला.”

“मग? यात वाईट काय...”

“पुढचं ऐका. कॉलर चिमटीत धरून म्हणाला, ‘शर्ट पुरुषाचा दिसतोय. रात्री कुणाकडे मुक्काम होता?’ मालक हसले. रोज मीही हसते. आज नाही हसले.”

“हात लावला? थोबाड फोडतो त्याचं!”

“आज फोडताय? काल दात काढत होतात!” तिचा आवाज चढला. “तुमच्या बाई बोलल्या आणि निघून गेल्या. उद्या वाटेत उभ्या असतील का, म्हणून तुम्ही रस्ता बदललात कधी? मी तीन रस्ते बदलले. तुम्ही एका वाक्यावर इतकी वर्षं जगलात, आणि मी रोज तसलीच वाक्यं अंगावरून धुऊन घरात येते!”

तिने बटणं काढली, शर्ट उतरवला आणि त्याच्या हातावर टाकला.

“मी माफी मागणार नाही. नोकरी गेली तर गेली. फारच वाटत असेल तर तुम्ही जा त्याच्याकडे. हाच घालून.”

तो शर्ट घेऊन मोरीत गेला. साबण आणि ब्रश घेऊन कॉलर घासायला लागला, जिथे त्या माणसाची बोटं लागली होती तिथे. आधी फेस आला, मग कापड विरलं, मग सुतं निघायला लागली. तरी हात थांबेना.

चष्मेवाली कांदा चिरत बसली होती. तिला ब्रशचा आवाज येत होता. पुरे म्हणून तिने सांगितलं नाही.