तिसऱ्या पाळीचा भोंगा

कुवेतमधल्या खैरानच्या रस्त्याला लागल्यापासून चंद्रहास सारखा आरशात पाहत होता. मागच्या गाड्या बघायला नव्हे, मागच्या सीटवरच्या माणसाला बघायला. आदित्य गळ्याला मफलर गुंडाळून थर्मासातलं कोमट पाणी घोट घोट पीत बसला होता. घरातून निघाल्यापासून त्याने चकार शब्द काढला नव्हता. गाणाऱ्या माणसाने कार्यक्रमाच्या दिवशी गप्प राहावं हे ठीकच, पण चंद्रहासला हे गप्प राहणं साधं वाटत नव्हतं.

"झोप लागली असेल त्यांना," रेखा शेजारून हळूच म्हणाली.

"डोळे टक्क उघडे आहेत गं त्याचे."

"मग तू तुझे रस्त्यावर ठेव. आपण पोचलो तर कार्यक्रम होणार ना?"

बायको म्हणून रेखाने या कार्यक्रमापायी गेले काही महिने बरंच सोसलं होतं. नवऱ्याची रोजची बडबड एकाच विषयावर, आणि तो विषय म्हणजे 'कातळ'.

'कातळ' हा पुण्याचा जुना हेवी मेटल बँड. मराठीत मेटल म्हटलं की लोक आधी हसायचे, मग गाणं सुरू झालं की हसायचे थांबायचे. गिटारवाले दोघे, ड्रमवर सर्फराज आणि गायला हा आदित्य. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'तिसरी पाळी'. सुरुवातीला कारखान्याचा भोंगा, तो विरत जातो तोच आदित्यची एका दमातली लांबच लांब आरोळी, आणि मग ड्रम. त्या आरोळीवर पोरं वेडी व्हायची.

पुढे एका मोकळ्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता. शेजारच्या मैदानात फिल्मी ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि लोक रांगाच्या रांगा उठून तिकडे गेले. शेवटचं गाणं आदित्य खुर्च्यांना ऐकवून आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बँड सोडला. अठरा वर्षं तो चिंचवडला विम्याच्या कचेरीत बसला. चंद्रहासने त्याला शोधून काढलं, फोन करकरून हैराण केलं, बाकीच्या तिघांना गोळा केलं. शेवटी आदित्य कुवेतला यायला हो म्हणाला तो एका अटीवर.

"चंदू, मला रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते. हसू नकोस. एक माणूस जरी उठून गेला, तर मी तिथंच थांबणार. आणि मग पुन्हा कधीच नाही."

चंद्रहास हसला नव्हता. त्याला हसण्याचा अधिकारच नव्हता. कुवेतला आला त्या पहिल्याच वर्षी नाशिकला त्याचे वडील गेले. पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याच्या, शिक्क्यासाठी अडकलेला, जाता आलं नाही. खोलीत बाकीची माणसं डबे खात होती, पत्ते खेळत होती. चारचौघांत रडायची लाज वाटली म्हणून त्याने हेडफोन कानांवर चढवले, 'तिसरी पाळी' लावली आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. त्या आरोळीने त्याच्या वतीने हंबरडा फोडला होता. हे त्याने आदित्यला कधी सांगितलं नव्हतं. असलं काही माणूस तोंडावर सांगत नाही.

खैरानला कमालने आपलं समुद्राकाठचं शाले, म्हणजे सुट्टीत राहायचं घर, उघडून दिलं होतं. कमाल चंद्रहासबरोबर रिफायनरीत काम करणारा कुवेती. याच्याच गाडीत बसून तो 'कातळ' ऐकायला लागला आणि शब्द न कळताही पुरता फसला. परवानगीची भानगड नको म्हणून घरगुती मेजवानी म्हणायची, बाहेर गवगवा करायचा नाही, असं ठरलं होतं.

"माफी मुश्किल, चंद्रहास," कमाल दारातच म्हणाला. त्याच्या अरबीत, काही अडचण नाही. "लेकिन मग़रिब की अज़ान से पहले बंद. पडोस में मेरे मामा का शाले है. वो आ गया तो पूरा खलास."

चंद्रहासने समुद्राकडे पाहिलं. ती अजान सूर्य मावळताच व्हायची, आणि थंडीचे दिवस, सूर्य घाईतच होता.

लोक मात्र वेळेआधी हजर झाले. पुण्याचे, नाशिकचे, मुंबईचे, बहुतेक सगळे चंद्रहासच्याच रिफायनरीतले, त्याच्यासारखेच पन्नाशीला टेकलेले. जुने काळे टीशर्ट पोटावर ताणले गेले होते, डोक्यांवर केसांऐवजी उत्साह होता. रिफायनरीबाहेरची अशी एकच होती, जाब्रियाच्या इस्पितळातली नर्स प्रणिता. ड्यूटी संपवून ती तशीच आली होती आणि पहिल्या रांगेत जागा धरून बसली होती.

"चंदूशेठ, आज पार्किंगमध्ये उभं करणार नाही ना?" कोणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले.

त्याचं कारण असं की चंद्रहास रिफायनरीत सेफ्टीचं काम बघायचा. वायुगळतीचा सराव घेणं हे त्याचं मुख्य काम, आणि त्यात तो महाखडूस होता. वरखाली होणारा भोंगा वाजला की हातातलं टाकायचं, उठायचं. चालायचं, पळायचं नाही. मोकळ्यावर रांगा लावून हजेरी द्यायची आणि सुटकेचा एकसुरी लांब भोंगा वाजेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. चहाचा घोट घ्यायला थांबलेल्या मोठ्या साहेबांनाही त्याने भर उन्हात पुन्हा सराव करायला लावला होता. लोक त्याला शिव्या घालायचे, पण भोंगा वाजला की पाय आपोआप चालायला लागायचे.

मागच्या खोलीत वेगळंच संकट उभं होतं. भोंग्याची जुनी टेप लावून बघितली तर तिच्यातून नुसती खरखर निघाली.

"भोंग्याशिवाय मला सूर सापडत नाही," आदित्य म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तालमीतही त्याने आरोळी एकदाही पूर्ण दिली नव्हती. दर वेळी मधेच खोकून पाणी मागितलं होतं. आता त्याला नाही म्हणायला निमित्तच मिळालं, हे चंद्रहासने ओळखलं.

"थांब. माझ्याकडे आहे भोंगा. एक नंबर भोंगा!"

सरावासाठी लागणारे आवाज त्याच्या मोबाइलमध्ये कायम असायचे. त्याने घाईघाईने त्यातला एक निवडला. एकसुरी होता तो बेचव वाटला, वरखाली होणारा जास्त जहाल. सर्फराजने मान डोलावली. तार जोडली. आदित्य एकदाचा उठला आणि चंद्रहासने देवाचे आभार मानले.

दिवे मंद झाले. चौघे जागेवर उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी "आदित्य!" म्हणून हाक मारली. चंद्रहास शेवटच्या रांगेत रेखाशेजारी बसला, तिचा हात घट्ट धरला आणि भोंगा सुरू झाला.

वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला.

सगळं शाले उठलं. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. रांगाच्या रांगा उठल्या, दाराकडे वळल्या आणि चालू लागल्या. पळालं कोणी नाही. शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं तशीच ठेवून एक जण निघाला. कमाल निघाला. दाराशी एक जण हात वर करून सगळ्यांना बाहेरची दिशा दाखवत होता, आणि त्या हाताकडे पाहताना चंद्रहासच्या लक्षात आलं की तो हात त्याचाच आहे.

बाहेर वाळूवर रांगा लागल्या. वारा तोंडावर येत होता. आतला भोंगा कोणीतरी बंद केला आणि मग जी शांतता पसरली तीत एकेकाला उमगत गेलं. कोणी हसलं नाही. शेजारच्याकडे बघायची कोणाची हिंमत होईना.

"अरे, काय केलंस हे!" रेखा म्हणाली. नवऱ्याचा हात सुटला तेव्हा तीही घाबरून त्याच्यामागे आली होती.

अठरा वर्षांनी माणूस एकदा उभा राहिला आणि पहिल्याच सुराला माणसं उठून गेली. कोणी उठवली? मी. मीच त्यांना असं उठायला शिकवलं आणि मीच तो आवाज त्याच्या हातात दिला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तो तसाच आत गेला.

आदित्य माइक खाली ठेवून स्पीकरवर बसला होता. समोर खुर्च्याच खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत एकटी प्रणिता.

"अहो, सगळे गेले कुठं?" ती म्हणाली. "मला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे."

"आदित्य, ऐक..."

"राहू दे चंदू. तुझा दोष नाही. माझ्या नशिबातच खुर्च्या आहेत." तो मफलर गुंडाळायला लागला.

चंद्रहासने भडाभडा सगळं सांगितलं. भोंगा, सराव, रांगा. ते बोलता बोलता नाशिकचे वडील, पत्त्यांचा डाव, भिंत आणि ते हेडफोनही बाहेर पडले. आवाज फुटला तरी तो थांबला नाही. "तुझी ती आरोळी नसती तर मी त्या खोलीत वेडा झालो असतो रे. बाहेर येऊन बघ फक्त. मग जा."

आदित्यने मफलर गुंडाळणं थांबवलं. मग उठला.

दारातून त्याने बघितलं. वाळूवर काळ्या टीशर्टांच्या सरळ रांगा होत्या. सगळ्यांची तोंडं दाराकडे. कोणी गाडीकडे गेलं नव्हतं, कोणी पाण्याकडे फिरकलं नव्हतं. काहींचे डोळे ओले होते. पण पुढे एकही पाऊल पडत नव्हतं.

"आत का येत नाहीत मग?"

"सुटकेचा भोंगा झाला नाही ना अजून. तो झाल्याशिवाय यायचं नाही, असं मीच..." चंद्रहास आत जायला वळला. "थांब, मोबाइलवर आहे, लावतो."

"कसा असतो तो?"

"लांब. एकसुरी. एका दमातला."

पाण्यावर सूर्य टेकायला आला होता. कमाल रांगेतूनच घड्याळ दाखवत होता. आदित्यने गळ्यातला मफलर काढला आणि चंद्रहासच्या हातात दिला. माइक आतच राहिला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आवाज आधी चिरकला. चंद्रहासने डोळे मिटून घेतले. मग कुठेतरी खोल त्याला बूड सापडलं आणि तो सरळ निघाला. जुन्या कॅसेटमधल्यापेक्षा जाड, खरबरीत, म्हातारा, पण तोच. थांबेचना. आत सर्फराजने ऐकलं आणि ड्रमवर पहिला घाव घातला.

रांगा हलल्या. माणसं चालत आली, पळालं कोणी नाही. आदित्यच्या अंगाला घासून एकेक जण आत जात होता आणि तो आरोळी न तोडता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटचा माणूस आत गेल्यावरच आपण जायचं, असा चंद्रहासचा नियम होता. तो मफलर छातीशी धरून दाराबाहेर उभा राहिला, आणि या वेळी भिंतीकडे तोंड न करता रडला.