उघडायच्या आधी

"मॅडम जी, खोलूं के ना खोलूं?" सेक्टर बावीसमधल्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानातले ग्रेवाल स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून विचारत होते.

"मत खोलिए," माझ्याआधी माझा नवरा हृषीकेशच बोलला. "सहा वर्षं जुना आहे, मंजू. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. नवा घे."

"आणि माझं शेवटचं प्रकरण?"

"महिन्यापूर्वीची कॉपी आहे ना तुझ्याकडे?"

महिन्यापूर्वीची. थिसिस द्यायला अकरा दिवस उरले होते आणि ते प्रकरण मी लिहिलंच होतं या महिन्यात, लेक जाई शाळेत असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजत. हृषीकेशच्या बदलीमागे नागपूर सोडून इकडे आले, तेव्हापासून माझं म्हणावं असं एवढंच काम होतं.

काल लॅपटॉप बंद पडला. कीबोर्ड ओला, शेजारी जाईचा दुधाचा रिकामा कप. ती म्हणाली, "मैंने नहीं गिराया." तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा मी तिच्या गालावर चापट मारली. पाच वर्षांची पोर. हृषीकेश सोफ्यावरच होता. "जाऊ दे गं, लहान आहे ती," एवढंच म्हणाला. मला तेव्हा तो किती समजूतदार वाटला होता.

"खोलिए," मी म्हणाले.

मागचं झाकण निघालं. ग्रेवालांनी आतून बोट फिरवलं, वास घेतला. "चाय है जी. अदरक वाली. देखो, चीनी कैसे जम गई है."

मी बिनसाखरेचा पिते. जाईला आम्ही चहा देत नाही.

मी हृषीकेशकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या चार्जरच्या पाट्या वाचत होता.

"सांगणारच होतो," तो हळूच म्हणाला. "पण तू एवढी भडकली होतीस..."

"मी तिला मारलं तेव्हा तू समोर बसला होतास."

"घरी बोलू ना. इथे तमाशा नको."

"माझं प्रकरण गेलं तरी चालेल, पण हा उघडायला नको. म्हणून नवा हवा होता तुला."

मराठी कळत नसूनही ग्रेवालांनी मान खाली घातली. "गारंटी नहीं है जी. बोर्ड धोकर देखेंगे. चल भी सकता है."

"रिपेयर ही कीजिए. नया नहीं चाहिए."

स्टुलावर बसलेली जाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं. तिने विचारलं, "तो अब पापा को भी पड़ेगी?"

हृषीकेश दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "माझं चुकलं, बाळा. तू खरं सांगत होतीस." तिच्या गालावर केसांची बट आली होती. ती मागे सारायला मी हात उचलला.

हात पोचायच्या आत तिने डोळे घट्ट मिटून घेतले.