शहराची वीज मी घालवली नव्हती

मित्रांनो, मी एक म्हातारा करकोचा आहे. पाय लांब, चोच लाल, पंखांची टोके काळी आणि बाकी सगळा पांढरा. माझे वय बावीस. आमच्यात एवढे वय झाले की तरुण मंडळी उडताना आपल्यासाठी थोडी हळू होतात, आणि ते आपल्या लक्षात आलेच नाही असे आपण दाखवतो. मला मान आहे, चांगली हातभर लांब आहे, पण तिच्यातून आवाज निघत नाही. बोलायचे असले की मी चोच वाजवतो. त्यामुळे आयुष्यभर मी बोललो कमी आणि ऐकले फार. एकदा मात्र माझ्यावर असा आळ आला की सगळ्या शहराच्या तोंडी माझेच नाव झाले, आणि मला माझी बाजू मांडता येईना.

माझा जन्म वेलिग्राद शहरातल्या ओरेशा वस्तीत, पावाच्या भट्टीवर झाला. भट्टीला दोन धुराडी होती. एक चालू होते, दुसरे बंद. बंद धुराड्यावर आमचे घरटे होते. पहाटे पावाचा वास यायचा आणि विटा कोमट व्हायच्या. मी उडायला शिकलो तेव्हा पहिल्यांदा उतरलो तो भट्टीच्या अंगणात, पिठाच्या पोत्यावर. मी नंतर तीन दिवस जास्तच पांढरा दिसत होतो.

दर वर्षी ऑगस्ट सरता सरता आम्ही दक्षिणेला आफ्रिकेत जातो आणि मार्चअखेर परततो. त्या महिन्यात वेलिग्रादचे लोक मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. वर्षाचा पहिला करकोचा दिसला की तो दोरा सोडून फुललेल्या झाडाला अडकवायचा, अशी तिथली रीत आहे. साऱ्या गावाने मान वर करून आपली वाट पाहावी, याहून मोठे कौतुक कुणाच्या वाट्याला येते? मी त्या कौतुकावर वाढलो. थोडा शेफारलोही असेन.

सहाव्या वर्षी परतलो तर धुराडे जागेवर नव्हते. भट्टी बंद पडली होती आणि इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा केली होती. मी दोन दिवस घिरट्या घातल्या. शेवटी चौकातला सर्वांत उंच विजेचा खांब निवडला आणि काटक्या आणायला सुरुवात केली. त्या वसंतात ओल्या काटक्या तारांवर पडून वस्तीतली वीज दोनदा गेली. त्या दोन्ही वेळा मात्र मीच कारण होतो. खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या वेळी वीज कंपनीचा वायरमन शिडी लावून वर आला. त्याचे नाव त्स्वेतान. जाड मिशा, उन्हाने लाल झालेले कान. घरटे उचलून खाली टाकायचा हुकूम घेऊनच तो आला होता.

"काय रे लांबट्या," तो मला म्हणाला, "अख्ख्या गावात तुला हीच जागा सापडली का?"

मग त्याने घरट्यात डोकावले. आत चार अंडी होती. तो बराच वेळ शिडीवर तसाच उभा राहिला. खाली आइस्क्रीमची गाडी चालवणारी झ्लात्कामावशी होती. तिने विचारले, "काय झालं, त्स्वेतान? अडकलास का वर?"

"अडकलोच म्हण," तो म्हणाला. "याची बायको बाळंतपणाला बसलीय."

त्या आठवड्यात त्याने कंपनीत जाऊन काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण चौकातल्या तारा काढून जमिनीखालून केबल टाकली गेली. नुसता खांब तेवढा उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावर त्स्वेतानने माझ्या घरट्यासाठी एक लोखंडी कडे बसवले. तेव्हापासून माझ्या खांबावर एकही तार नाही. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होते. कंपनीच्या नकाशात तेवढे कुणी लिहिले नाही.

पुढची वर्षे आनंदाची गेली. आमची चाळीसहून जास्त पिल्ले त्या कड्यावरून उडाली. त्स्वेतान दर मार्चमध्ये येऊन कडे हलवून बघायचा, गंजले असेल तिथे रंग लावायचा. झ्लात्कामावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्या दुकानाला छप्पर नाही, पण वर पाहुणे कायमचे आहेत. टोपी घालून खा म्हणजे झालं."

आणि मग गेला उन्हाळा आला.

जूनअखेरची गोष्ट. डांबर पायाला चिकटत होते. गुरुवारी सकाळी सव्वादहाला सगळ्या शहराची वीज एकाच क्षणी गेली. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसा जिथल्या तिथे थांबल्या. समोरच्या आठमजली इमारतीत दाताचे डॉक्टर लिफ्टमध्ये अडकले. वर त्यांचा रोगी बधिर झालेला गाल धरून जिन्यातून त्यांना हाका मारत होता, आणि ते तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधून उत्तर देत होते, "तोंड मिटू नका, आलोच."

झ्लात्कामावशीने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग गाडीचे झाकण उघडून ती म्हणाली, "वितळणार म्हणजे वितळणारच. या सगळे, घरातल्या वाट्या घेऊन या." माणसे जिने उतरून आली. कुणी सूपचे भांडे आणले, कुणी फुलदाणी. एकाच इमारतीत अकरा वर्षे राहणाऱ्या दोन बायकांची त्या दिवशी पहिली ओळख झाली. कुणीतरी घरून थंड ताक आणले, कुणी बासरी. संध्याकाळी सहाला दिवे लागले तेव्हा काही जणांना थोडे वाईटच वाटले.

पण शुक्रवारी वीज पुन्हा गेली. शनिवारी पुन्हा. आता मावशीच्या गाडीत वाटायला काही उरले नव्हते. त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या पेन्चोआजोबांची मधुमेहाची औषधे थंडाव्याअभावी खराब झाली. त्यांच्या मुलीने नवी औषधे मिळवण्यासाठी अर्धे शहर पायी पालथे घातले. माणसे चिडली. कंपनीचे नाव होते स्वेतलिना, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रकाश. त्या नावावरून जे विनोद झाले ते मी लहान मुलांपुढे सांगणार नाही.

कंपनीने आधी कारण दिले उन्हाचे.

"ऊन काय यंदा पहिल्यांदा पडलंय?" माझ्या खांबाखाली पेन्चोआजोबा म्हणाले.

मग कंपनी म्हणाली, लोक घरोघरी थंड हवेची यंत्रे फार लावतात.

"माझ्याकडे साधा पंखा नाही," झ्लात्कामावशी म्हणाली. "मग माझी लाइट कोणत्या गुन्ह्याबद्दल गेली?"

सोमवारी कंपनीचे प्रवक्ते बोरिमीर काल्चेव यांनी तिसरे कारण जाहीर केले. ओरेशा वस्तीतल्या एकशे सतरा नंबरच्या खांबावर करकोच्याचे घरटे आहे, त्याच्या काटक्या तारांना लागल्या आणि त्यामुळे शहराची वीज गेली.

एकशे सतरा. माझा खांब.

ओरेशातले लोक हसले. पण शहर मोठे आहे. बाकीच्यांनी माझा खांब कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी लांबलांबून माणसे आली. एका मासेविक्याचा सगळा माल सडला होता. त्याने मला टोमॅटो फेकून मारला. तो घरट्याच्या काठावर फुटला आणि तिन्ही पिल्ले अंग चोरून बसली. ती सात आठवड्यांची होती, अजून उडता येत नव्हते. ज्या गावाने माझ्यासाठी झाडांना दोरे बांधले, त्याच गावातला माणूस मला मारत होता. मी चोच वाजवली. त्याला ती शिवीच वाटली असणार.

बुधवारी सकाळी कंपनीची शिडीची गाडी आली. मागून दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. गाडीतून उतरला तो त्स्वेतान. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या, निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. घरटे काढून पिल्ले प्राणिसंग्रहालयात पाठवायची, असा हुकूम त्याच्या हातात होता. काल्चेवसाहेब नवे कोरे शिरस्त्राण घालून कॅमेऱ्यापुढे उभे होते.

"चढा," ते त्स्वेतानला म्हणाले. "नऊच्या बातम्यांना जायचंय."

"साहेब, या खांबावर तार नाही."

"नकाशात आहे."

"मग नकाशावर चढू का?"

गर्दीत हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. ते हळू आवाजात म्हणाले, "त्स्वेतान, दोनच वर्षं राहिलीत तुमची. कशाला उगाच?"

त्स्वेतानने मान वर करून घरट्याकडे पाहिले. मी वरून त्याच्याकडे पाहत होतो. मग त्याने शिडीच्या टोकाला माणसांना उभे राहायला जो पाळणा होता, त्याचे दार उघडले.

"तुम्ही या माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तार सापडली तर घरटं मी स्वतः काढतो. तुमच्यासमोर."

कॅमेरे चालू होते. नाही म्हणायची सोय नव्हती. दोघे पाळण्यात चढले आणि पाळणा सावकाश वर आला. आजवर कंपनीचा एवढा मोठा माणूस माझ्या दाराशी आला नव्हता. त्यांनी खांबाच्या डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, वाकून खाली पाहिले. मग घरट्यात पाहिले. तिथे काटक्या होत्या, गवत होते, एक मोजा होता, कुणाची तरी निळी ओढणी होती आणि माझी तीन मुले होती. मधल्या पिल्लाला भीती वाटली की ते पोटातले बाहेर काढते. त्याने सकाळी खाल्लेले बेडूक साहेबांच्या बुटांवर ठेवले.

खाली टाळ्या वाजल्या. साहेब काही वेळ बुटांकडे बघत राहिले. माझी खात्री होती की आता हा माणूस रागावणार. पण खाली आल्यावर त्यांनी शिरस्त्राण काढले आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "इथे तार नाही. मला दिलेली माहिती चुकीची होती."

"मग लाइट जाते कशाने?" झ्लात्कामावशीने विचारले.

त्स्वेतानला उत्तर माहीत होते. बोललो तर काय होईल हेही माहीत होते. तरी तो बोलला.

"पूर्वेच्या सबस्टेशनातला मोठा ट्रान्सफॉर्मर एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याला थंड ठेवणारं तेल काळं पडलंय. तो बदलून टाका, असं आम्ही तीन वेळा लेखी दिलं. पहिल्यांदा दिलं तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या."

टोमॅटो मारणारा मासेविक्याही तिथे होता. त्याने टोपी काढून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा घातली. तेवढी माफी मला पुरली.

दुसऱ्या दिवशी कंपनीने त्स्वेतानला कामावरून घरी बसवले.

आता जे झाले ते आठवले की अजून माझे पंख फुलतात. संध्याकाळी सहाला झ्लात्कामावशी दोन लाकडी चमचे घेऊन कंपनीच्या कचेरीसमोर गेली आणि ते एकमेकांवर आपटायला लागली. ठक ठक ठक ठक. थेट करकोच्याची चोच. पहारेकऱ्याने विचारले, "मावशी, काय करताय?"

"बोलतेय," ती म्हणाली. "ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने."

त्या दिवशी ती आणि पेन्चोआजोबांची मुलगी अशा दोघीच होत्या. तिसऱ्या संध्याकाळी चारशे माणसे होती. सहाव्या दिवशी मासेविक्या तराजूचे पारडे घेऊन आला, दाताचे डॉक्टर आपल्या रोग्यांना घेऊन आले, आणि जागच्या जागी थांबलेल्या ट्रॉलीबसांचे चालक तर हक्काने आले. कुणी दगड उचलला नाही. सगळे शहर चोच वाजवत होते. मी कचेरीवरून एक फेरी मारली तेव्हा खालचा आवाज एवढा मोठा होता की मला वाटले, आमचा अख्खा थवा आफ्रिकेला निघायला आतापासूनच जमला.

नवव्या संध्याकाळी काल्चेवसाहेब बाहेर आले. त्यांच्या हातात तीन कागद होते. त्यांनी त्स्वेतानच्या तुकडीची तिन्ही पत्रे तारखांसह वाचून दाखवली. शेवटी म्हणाले, "चूक कंपनीची आहे. वायरमन उद्यापासून कामावर आहेत. नवा ट्रान्सफॉर्मर येतोय." मग हात पुढे करून म्हणाले, "एखादा चमचा मलाही द्या."

झ्लात्कामावशीने त्यांना एक दिला. एकच. दुसरा तिने स्वतःकडे ठेवला, आणि दोघांनी मिळून ते एकमेकांवर वाजवले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नवा ट्रान्सफॉर्मर आला. अठ्ठेचाळीस चाकांची गाडी चालत्या माणसाच्या वेगाने आमच्या चौकातून निघाली. पुढे त्स्वेतान लाल झेंडी घेऊन चालत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते, खिडक्यांतून मुले फुले टाकत होती. आणि नेमके त्याच वेळी माझ्या मधल्या पिल्लाने कड्यावरून पहिली उडी घेतली. पंख वाकडेतिकडे मारत ते चौकावर एक गिरकी घेऊन आले, पाय पसरले आणि नव्या ट्रान्सफॉर्मरच्या बरोब्बर डोक्यावर उतरले.

सगळी मिरवणूक थांबली. त्स्वेतानने झेंडी खाली घेतली. काल्चेवसाहेबांनी पत्रकारांकडे वळून हात जोडले.

"कृपा करा," ते म्हणाले, "हे कुणी छापू नका."

मी इतकी वर्षे माणसांचे हसणे ऐकले आहे, पण तसे हसणे मी पुन्हा ऐकले नाही. पिल्लू घाबरले नाही. ते तसेच ऐटीत उभे राहिले, आणि गाडी त्याला घेऊन सबस्टेशनपर्यंत गेली.

मित्रांनो, यंत्रे मुकी असतात. ती थकली तरी सांगत नाहीत. त्यांच्याजवळ रोज उभे राहणारी माणसे सांगतात. त्या माणसांचे पहिल्याच पत्राला ऐका. आणि घरातली वीज गेली, पाणी गेले, काहीही बिघडले, तर जो बोलू शकत नाही त्याच्या माथी दोष मारू नका. आधी कुणाला तरी शिडी घेऊन वर पाठवा, आणि शक्य असेल तर साहेबांनाही त्याच्याबरोबर.