न्हाणीघराला लागून असलेली भिंत

थांबा, टेकू नका! मी भिंत बोलतेय, आणि आज माझं अंग ओलं आहे. तुमचा सदरा खराब होईल आणि बोल मला लागेल.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक घर आहे. त्यात न्हाणीघर आणि झोपायची खोली यांच्या मधोमध मी उभी. एका अंगाला शिंतोडे, दुसऱ्या अंगाला घोरणं! पोटातून पाण्याचा पाइप जातो. मला बांधलं त्या दिवशी गवंड्याला घरी जायची घाई होती. पाइपाचा सांधा कसाबसा आवळला, वर गिलावा ओढला आणि गेला बिचारा. तेव्हापासून हे दुखणं माझ्या पोटात आहे.

पहिल्या मालकाचं औषध एकच, रंग. डाग दिसला की रंग. घर विकायला काढलं तेव्हा तर त्याने मला फिकट निळा रंग फासून असं काही नटवलं, की माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा आल्या शिलाईकाकू. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांचे डोळे अधू झाले होते. सुईत दोरा ओवायलाही शेजारणीला हाक मारावी लागे. पुढे मशीन थांबलं की खायचं काय? म्हणून साठवलेल्या पैशांतून घर घ्यायचं आणि भाड्यावर म्हातारपण काढायचं, असं त्यांच्या धाकट्या भावाने सुचवलं होतं.

"बसून खाशील, ताई!" माझ्यासमोर उभा राहून तो बोटांवर भाड्याचा हिशेब मोजत होता.

"आणि काही मोडलं-बिडलं तर?"

"नवा रंग आहे गं, मोडतंय काय? उगीच शंका काढू नकोस."

अहो, मला नुसता हात लावून बघा, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण भिंतीचं ऐकतो कोण! काकूंनी होतं नव्हतं ते सगळं मोजून दिलं, मागे दमडी ठेवली नाही.

भाडेकरू आले ते छापखान्यात काम करणारा एक तरुण, त्याची बायको आणि त्यांची वर्षाची चिमुरडी. भली माणसं. पोरीचा पलंग त्यांनी मला लावून ठेवला. चार महिने मजेत गेले आणि मग सांधा सुटला. निळ्या रंगाला फोड आले, बुरशी धरली, पोर खोकू लागली. ती खोकली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"काकू, महिनाअखेर आम्ही घर सोडतो," तिची आई म्हणाली. "तुमच्यावर राग नाही हो. पण लेकरू आजारी पडतंय."

काकूंचा चेहरा उतरला. प्लंबरने मला ठोकून बघितलं आणि म्हणाला, "फोडावी लागेल. सहा महिन्यांचं भाडं जाईल यात."

भाऊ त्यांना बाजूला घेऊन कुजबुजला, "रंग मार आणि विकून टाक. आपल्या गळ्यात मारलं तसं पुढच्याच्या मारू."

काकू तिथून वळल्या, पलंगावर बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि सवयीने तिच्या फ्रॉकची शिवण उलटून बघितली.

"कोणी शिवलं हे? आत दोन बोटं जास्तीचं कापड नको ठेवायला? पोर वाढली की उसवून मोठा कसा करणार?" आणि बोलता बोलता त्या थबकल्या. "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कपड्यांत कापड राखून ठेवलं. आणि स्वतःचं घर घेताना मात्र काठोकाठ बेतलं की रे!"

त्यांनी भाडेकरूंकडे पंधरा दिवस मागून घेतले, आपल्या दोन मशिनांतलं चांगलं होतं ते विकलं, आणि मला फोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कितीतरी वर्षांनी मी आतून कोरडी झाले. पोरीचा खोकला थांबला. माणसं राहिली.

"खालचा पाइपही जुनाच आहे," जाताना प्लंबर म्हणाला. "तीन-चार वर्षांत तोही बोलेल."

"किती लागतील?" काकूंनी शांतपणे विचारलं.

त्या महिन्यापासून भाडं हातात आलं की त्यातले थोडे आधी बाजूला निघू लागले, वेगळ्या खात्यात. भाऊ हसायचा. एकदा त्याने त्यातलेच उसने मागितले, तर काकू म्हणाल्या, "ते भिंतीचे आहेत, तिला विचार." मला इतकं भरून आलं म्हणून सांगू!

काल खालचा पाइप बोललाच, गळू लागला आणि मी पुन्हा ओली झाले. काकू धापा टाकत तीन मजले चढून आल्या. आता त्यांना फारसं दिसत नाही, मशीन केव्हाच बंद झालंय. पोरगी शाळेतून आली ती रडवेली होऊनच.

"काकूआजी, आता आम्हाला घर सोडावं लागणार?"

"छे गं! चार दिवस मावशीकडे राहा, की परत या. पैसे आहेत आपल्याकडे."

किती साधेपणाने म्हणाल्या! तुम्ही कधी घर घ्यायला निघालात, तर आमच्या रंगावर जाऊ नका. हात लावून बघा, आणि थोडं आमच्या आजारपणासाठी राखून ठेवा. आम्हीही आजारी पडतो हो.

निघताना काकूंनी चाचपडत माझी ओल शोधली, तिथे तळवा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "उद्या जरा दुखेल हं तुला."

दुखू दे, काकू. तुम्ही आता घाबरत नाही, मग मी कशाला घाबरू?