ओट्यामागची मोरपंखी भिंत

“वरून तिसऱ्या ओळीत पिवळ्या सलग दोन येतात, काका. तिथं चुकू नका,” असं म्हणत चैतालीनं कागद गॅसच्या नळीशेजारी चिकटपट्टीनं लावला.

कागदावर चौकटीच चौकटी होत्या. चैताली हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. ज्या तक्त्यात दिवसभर आकडे भरायचे, त्याच तक्त्याच्या रिकाम्या चौकटी तिनं जेवणाच्या सुट्टीत बसून रंगवल्या होत्या. आडव्या चौदा, उभ्या पाच. एक चौकट म्हणजे एक टाइल. बऱ्याचशा मोरपंखी, मधून मधून हळदीच्या रंगाच्या, आणि खालच्या कोपऱ्यात एकच डाळिंबी. बद्रीनाथनं चष्मा चढवला आणि पोथी वाचावी तसा तो कागद ओळीओळीनं वाचला. पैठणकडून पुण्यात येऊन टाइल बसवायला लागल्याला तीस वर्षं झाली होती, पण भिंतीसाठी एवढा जीव टाकलेला त्यानं पाहिला नव्हता.

आणि बिबवेवाडीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला गरजही होती. भिंती साईच्या रंगाच्या, कपाटं बिस्किटाच्या, ओटा राखेच्या, पडदा ताकाच्या. डबेसुद्धा एकसारखे पांढरे. हळद कुठली आणि बेसन कुठलं ते झाकण काढल्याशिवाय कळू नये. सगळं चैतालीच्या नवऱ्यानं, दिग्विजयसाहेबांनी, स्वतः निवडलेलं. दोन वर्षांपूर्वी याच घराची फरशी बद्रीनाथनं बसवली, तेव्हा साहेब नमुना खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले होते, घरात डोळ्यांना काही बोचायला नको.

चैतालीनं त्या दिवशी रजा घेतली होती. साहेब रात्री आठला येतात, त्याआधी भिंत पुरी व्हायला हवी, एवढंच तिचं म्हणणं. मग जरा थांबून तिनं विचारलं, “एकदा बसली की निघत नाही ना, काका?”

“फोडल्याबिगर नाही निघायची,” बद्रीनाथ हसून म्हणाला. ती हसली नाही.

आता बद्रीनाथची एक रीत होती. त्याला हातात थापी धरायला शिकवणाऱ्या रामदास मिस्त्रींनी घालून दिलेली. ओट्यामागची पहिली टाइल नवराबायकोनं जोडीनं हात लावून बसवायची, टाइलच्या मागच्या अंगाला हळदकुंकवाचं बोट ओढायचं. चुलीमागची भिंत ती, घराचं अन्न तिच्यासमोर शिजणार. बद्रीनाथनं बंगल्यात ही रीत पाळली होती आणि एका खोलीच्या घरातही. त्यानं ती सांगितली तेव्हा चैताली घाईनं म्हणाली की राहू द्या, आणि पांढरं सिमेंट आणायला खाली गेली.

बद्रीनाथला काही ते पटलं नाही. माणूस भाविक. दर गुरुवारी कसबा पेठेतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा. बुवांनी पूर्वरंग लावला की ह्याचे डोळे मिटायचे, आणि उत्तररंगात रडायची वेळ आली की सगळ्यात आधी हाच रडायचा. पोरगी लाजत असेल, साहेबांना कामातून उठवायचा तिला संकोच वाटत असेल, असा त्यानं भाबडा हिशेब केला. साहेबांचा नंबर मोबाइलमध्ये होताच. त्यानं लावला, आणि पहिली टाइल जोडीनं लावायची असते, तासाभरासाठी घरी येता का, असं अगदी प्रेमानं विचारलं.

मग साहेबांनी कुठली टाइल, कुठल्या रंगाची, असं शांतपणे विचारून घेतलं आणि म्हणाले, “बरं झालं कळवलंत. निघतो.”

चैताली वर आली तेव्हा बद्रीनाथनं ही गोष्ट तिला खाऊ द्यावा तशी दिली. तिच्या हातातली पिशवी खाली आली. पिशवी फुटून सिमेंट तिच्या पायांवर पांढरं पसरलं, तरी ती पायांकडं बघेना, घड्याळाकडं बघत होती.

“त्याला हिंजवडीहून यायला सव्वा तास लागतो,” ती म्हणाली. “लावायला घ्या, काका. जेवढ्या होतील तेवढ्या.”

मग जे काम झालं तसं काम बद्रीनाथनं जन्मात केलं नव्हतं. तिनं ओढणी कमरेला खोचली, घमेल्यात माल कालवला, एकेक टाइल पुसून त्याच्या हातात दिली. त्यानं माल लावायचा, टाइल दाबायची, रबरी हातोडीनं दोन ठोके, की दुसरी हजर. कुर्त्याची बाही वर सरकली तेव्हा तिच्या दंडावर चार बोटांचे निळे डाग दिसले. त्याला दिसले हे तिलाही दिसलं. बाही तिनं ओढली नाही. तेवढा वेळ नव्हता.

ही घाई बद्रीनाथनं एकाच घरात पाहिली होती, स्वतःच्या. आपण फोन करून काय बोलावून घेतलं ते त्याला आता कळलं.

चाळीस टाइला झाल्या होत्या. “तुम्ही निघा आता,” चैताली म्हणाली. बद्रीनाथनं एक्केचाळिसावी लावली.

दारात किल्ली फिरली. दिग्विजयनं बूट काढून जागेवर ठेवले, मोजे त्यात नीट घडी करून घातले, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन तो बराच वेळ भिंतीकडं पाहत राहिला.

“छान,” तो म्हणाला. “आता बाहेर एक पाटी लावू. आमचे येथे मिसळ मिळेल.”

“एकच भिंत आहे, दिग्विजय. बाकी सगळं तुझंच आहे,” चैताली म्हणाली.

त्यानं मान डोलवली. खाली वाकून बद्रीनाथच्या पिशवीतून लोखंडी हातोडा उचलला, तळहातावर तोलला आणि पहिला घाव अगदी मधोमध घातला. ओल्या मालासकट तीन टाइला निखळल्या, ओट्यावर आपटून त्यांचे तुकडे उडाले. दुसरा घाव. तिसरा. प्रत्येक घावानंतर तो एवढंच विचारत होता, कुणाला विचारून? आवाज वाढत नव्हता, त्याचंच भय वाटत होतं. चैतालीनं त्याचा दंड धरला तेव्हा त्यानं हातोडा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं तिचे केस मुठीत धरले.

“रंग बघायचाय ना तुला? जवळून बघ.”

तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. मोरपंखी टाइलवर तांबडा पट्टा उमटला आणि ओल्या मालात मिसळून खाली ओघळला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. तिसऱ्यांदा मान मागं ओढली गेली, तेवढ्यात बद्रीनाथनं पुढं घुसून आपला उजवा पंजा तिचं कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये घातला. दिग्विजयनं तो पंजा पाहिला. तिला बाजूला लोटून त्यानं हातोडा त्याच पंजावर घातला.

हाडं मोडल्याचा आवाज टाइल फुटल्याच्या आवाजाहून फारसा वेगळा नसतो.

बद्रीनाथच्या डाव्या हातात थापी होती. ती वर गेली. ती त्यानं नेली नाही, आपोआप गेली. हात जुना होता, वाट ओळखीची होती. थापीचं टोक दिग्विजयच्या गळ्याशी होतं आणि दिग्विजयचे डोळे मोठे झाले होते, आणि बद्रीनाथला त्या क्षणी खरंच बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानंच तो हादरला. त्यानं थापी टाकली आणि दोन्ही हातांनी दिग्विजयला मिठी मारली. कीर्तन संपल्यावर लोकांना छातीशी धरतात तशी, फक्त घट्ट. दिग्विजय चावला, त्यानं गुडघे मारले, हातोडा पाठीत घातला. बद्रीनाथ विठ्ठल विठ्ठल म्हणत राहिला आणि त्यानं मिठी सोडली नाही.

चैतालीनं भिंत धरत धरत दार उघडलं. समोरच्या हेमाताई आणि रखवालदार आत आले तेव्हाही तो तसाच उभा होता.

दवाखान्यातून सगळे पोलीस चौकीत आले. बद्रीनाथचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. तीन बोटं पुन्हा वळतील की नाही हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, आणि टाइल बसवायच्या कामात बोटं न वळून चालत नाही. निरोप मिळाल्यावर त्याची बायको चंपा रिक्षा करून आली. काही न विचारता बाकावर चैतालीच्या शेजारी बसली.

दिग्विजय खुर्चीवर होता. तोंड धुऊन, भांग पाडून. त्यानं जमादाराला समजावून सांगितलं की कामगार पिऊन आला होता, वाइफच्या अंगावर गेला, आपण सोडवायला गेलो, तेव्हा हे झालं. चैताली कपाळावरच्या टाक्यांवर हात धरून जमिनीकडं पाहत होती. जमादारानं तिला दोनदा विचारलं. ती बोलली नाही.

“मिस्त्री, तुम्ही म्हणता की साहेब बाईंना मारत होते, आणि हे काही आजचं नाही,” जमादार म्हणाला. “आजचं नाही हे तुम्हाला काय स्वप्नात दिसलं? तुम्ही भिंतीला टाइल लावायला आलेले.”

दर गुरुवारी बुवा एक वाक्य हमखास म्हणत. हात जोडून येता ते बरं करता, बाबांनो, पण जोडायच्या आधी हे हात कुठं होते, ते ज्याला सांगायचं त्याला सांगून या. ते वाक्य आलं की बद्रीनाथ टाळ जरा जोरात वाजवायचा. अठरा वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली होती, माळ घातली होती. देवापुढं नाक घासून झालं होतं. चंपापुढं त्यातलं काहीच झालं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नाही. कीर्तनाला मात्र ती एकदाही आली नाही.

“मी मारायचो, साहेब,” तो म्हणाला. “माझ्या बायकोला. ही बसलीये ती. सहा वर्षं मारलं. एकदा लाकडी पट्टीनं मनगट मोडलं आणि दवाखान्यात सांगायला लावलं की पायरीवरून पडली. माझ्या सायकलचा आवाज आला की ही हातातलं काम जसं भराभर उरकायची ना, तशा ह्या ताई आज माझ्या हातात टाइल देत होत्या. म्हणून कळलं. दुसरं काही नाही.”

जमादाराचं पेन थांबलं. “हे लिहायचं?”

“लिहा. माझं नाव घालून लिहा.”

दिग्विजय हसला आणि बघा, असं काहीतरी म्हणाला. पण जमादार त्याच्याकडं पाहत नव्हता. तो चैतालीकडं पाहत होता, कारण तिनं मान वर केली होती.

“माझंही लिहून घ्या,” ती म्हणाली. “लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून सांगते.”

तिला सांगायला बराच वेळ लागला. जमादारानं दुसरा कागद घेतला, मग तिसरा. मध्येच तिला ठसका लागला. तेव्हा चंपा उठली. कोपऱ्यातल्या माठातून तिनं पेला भरला, चैतालीच्या ओठाला लावला, तिच्या हनुवटीवर सांडलेलं पदरानं टिपलं. मग पेला विसळून माठावर पालथा घातला आणि आपल्या जागेवर येऊन बसली.

बद्रीनाथनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. माठ त्याच्यापासून चार पावलांवर होता. तो उठला, डाव्या हातानं पेला सुलटा केला, पण एका हातानं पेला धरायचा आणि त्याच हातानं ओगराळं बुडवायचं, हे जमेना. दोनदा करून पाहिलं. चंपा पाहत होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, पेला होता तसा पालथा ठेवला आणि परत येऊन भिंतीशी उभा राहिला.